परस्परांत गुंतणारी प्लास्टिकची वीट : घडण, बांधकाम आणि श्रेयाचा इतिहास

प्रस्तावना

यंत्रे, धातू, कापड यांच्या इतिहासाला आपल्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांत स्थान आहे. खेळण्यांच्या इतिहासाला ते नाही. बालशिक्षणावरील एखाद्या ग्रंथात परिच्छेदापुरता त्यांचा उल्लेख येतो आणि विषय तिथेच थांबतो. वस्तुतः विसाव्या शतकातील औद्योगिक घडण, मोजमापांचे प्रमाणीकरण आणि बौद्धिक संपदेचा कायदा यांसंबंधीचे काही मूलभूत प्रश्न एका खेळण्याभोवती फार स्पष्टपणे उभे राहिलेले दिसतात. हे खेळणे म्हणजे डेन्मार्कमधील बिलुंड या गावी जन्मलेली आणि ‘लेगो’ या नावाने जगभर ओळखली जाणारी प्लास्टिकची वीट.

या विटेची हकीकत बहुधा एका कुटुंबाच्या कर्तृत्वाची कथा म्हणून सांगितली जाते. गरीब सुतार, मंदीचे दिवस, कारखान्याला लागलेली आग, चिकाटी आणि अखेरीस यश असा तिचा क्रम असतो. ही हकीकत खोटी नाही, पण अपुरी आहे. विटेच्या माथ्यावरील खुंट्या, तिचे आतून पोकळ असलेले अंग, दोन ओळींत चार-चार खुंट्यांची मांडणी, यांपैकी काहीही बिलुंडमध्ये प्रथम सुचलेले नाही. मग बिलुंडचे स्वतःचे असे त्या विटेत काय आहे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार विटेची घडण, बांधकामाच्या क्षेत्रातील तिचा उपयोग आणि तिच्यावरून झालेले न्यायालयीन वाद या अंगांनी केला आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते या विटेचे नवेपण तिच्या दिसण्यात शोधून सापडत नाही. दोन विटांमधील पकडीत आणि त्या पकडीचे माप पिढ्यान्‌पिढ्या न बदलण्याच्या निश्चयात ते आहे.

पूर्वपीठिका

मुलांनी ठोकळे रचावेत आणि त्यातून आकाराचे ज्ञान मिळवावे, या कल्पनेला शास्त्रशुद्ध रूप दिले ते जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी. १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे त्यांनी आपले कार्य सुरू केले आणि लाकडी ठोकळ्यांचे संच शिक्षणसाधन म्हणून प्रचारात आणले. पुढे अमेरिकन वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांनी आपल्या घडणीतील या ठोकळ्यांचा वाटा कृतज्ञतेने सांगितला, त्यामुळे वास्तुकलेच्या इतिहासात फ्रोबेलचे नाव कायमचे आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑटो व गुस्टाव्ह लिलिएन्थाल या बंधूंनी वाळू, खडू आणि जवसाचे तेल यांच्या मिश्रणातून लहान दगडी ठोकळे तयार केले आणि फ्रीड्रिख रिश्टर या उद्योजकाने ते ‘अँकर’ या चिन्हाने जगभर विकले. विमानविद्येच्या इतिहासात अजरामर झालेला ऑटो लिलिएन्थाल तो हाच.

हे सारे ठोकळे केवळ वजनाच्या आधारे एकमेकांवर उभे राहत. धक्का लागला की इमारत कोसळे. याउलट १९०१ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी यांनी ज्याचे पेटंट घेतले आणि जे पुढे ‘मेकॅनो’ या नावाने प्रसिद्ध झाले, त्या खेळण्यात भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या स्क्रू आणि नटांनी जोडल्या जात. तेथे इमारत कोसळत नसे, पण सोडवायला वेळ लागे आणि लहान मुलाच्या बोटांना ते काम जमत नसे. अशा रीतीने एकीकडे नुसते रचणे आणि दुसरीकडे आवळणे, असे दोन मार्ग उपलब्ध होते. दाबले की बसावे, ओढले की सुटावे आणि बसलेले असताना हलू नये, असा तिसरा मार्ग १९३० च्या दशकात दिसू लागतो. इंग्लंडमधील ‘मिनिब्रिक्स’ या रबरी विटांना खाली खुंट्या आणि माथ्यावर भोके असत. रबराच्या लवचिकपणामुळे त्या एकमेकींत घट्ट बसत. म्हणजे परस्परांत गुंतणाऱ्या खेळण्यातील विटेची कल्पना प्लास्टिकच्याही आधीची आहे.

किडिक्राफ्ट आणि हिलरी फिशर पेज

प्लास्टिकची अशी वीट प्रथम घडवली ती इंग्लंडमधील हिलरी फिशर पेज यांनी. ‘किडिक्राफ्ट’ या त्यांच्या कंपनीने १९३० च्या दशकातच लहान मुलांसाठी प्लास्टिकची खेळणी बनवण्यास सुरुवात केली होती. लाकडी खेळणे मूल तोंडात घालते, त्याचा रंग निघतो आणि ते धुता येत नाही. प्लास्टिकचे खेळणे मात्र धुता येते, असा त्यांचा आग्रह होता. पेज यांनी खेळणाऱ्या मुलांचे बारकाईने निरीक्षण केले आणि खेळण्यांविषयी ग्रंथलेखनही केले. १९४० मध्ये त्यांना माथ्यावर खुंट्या असलेल्या पोकळ ठोकळ्यांचे ब्रिटिश पेटंट मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, त्यांनी आयताकृती विटा बाजारात आणल्या. दोन ओळींत चार खुंट्या, आतून पोकळ, कडेला दारे-खिडक्या बसवण्यासाठी खाचा, असे त्यांचे रूप होते. त्या विटेचे छायाचित्र आज पाहिले तर कोणीही तिला लेगोची वीट म्हणेल.

याच सुमारास बिलुंडमधील ओले किर्क क्रिस्तियानसेन यांनी इंजेक्शन मोल्डिंगचे, म्हणजे वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात सोडणारे, ब्रिटिश बनावटीचे यंत्र विकत घेतले. ओले किर्क हे मुळात सुतार. १९१६ मध्ये त्यांनी बिलुंडमधील सुतारकामाची कार्यशाळा विकत घेतली होती. १९३२ च्या मंदीत घरबांधणीची कामे मिळेनाशी झाली, तेव्हा ते शिड्या, इस्त्रीचे फळे आणि लाकडी खेळणी करू लागले. १९३४ मध्ये ‘चांगले खेळा’ या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून त्यांनी ‘लेगो’ हे नाव योजले. १९४२ मध्ये कारखाना जळून खाक झाला आणि तो पुन्हा उभारावा लागला. नव्या यंत्राचा शोध सुरू असताना पेज यांच्या विटांचे नमुने या पितापुत्रांच्या पाहण्यात आले. १९४९ मध्ये बिलुंडहून ‘आपोआप जोडल्या जाणाऱ्या विटा’ अशा अर्थाच्या नावाने ज्या विटा बाहेर पडल्या, त्या किडिक्राफ्टच्या विटांवर बेतलेल्या होत्या. त्यांत जे बदल केले गेले त्यांचा तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. इंचातील मापे मिलिमीटरमध्ये आणली गेली, त्यामुळे आकारात सुमारे ०.१ मि.मी. इतका फरक पडला. खुंट्यांच्या गोलसर कडा सरळ केल्या गेल्या आणि त्यांचे माथे सपाट केले गेले. एवढेच.

हे नोंदवताना कोणावर चोरीचा आरोप करण्याचा हेतू नाही. पेटंट हे ज्या देशात घेतले जाते त्या देशापुरतेच बंधनकारक असते, हा त्या काळीही रूढ नियम होता. लेगोच्या विटा ब्रिटनमध्ये आणण्यापूर्वी त्या कंपनीने किडिक्राफ्टकडे विचारणा केली होती आणि किडिक्राफ्टने हरकत घेतली नव्हती, कारण त्यांच्या स्वतःच्या विटांना फारसे यश आले नव्हते. ब्रिटनमध्ये लेगोची विक्री १९६० मध्ये सुरू झाली. तोपर्यंत पेज हयात नव्हते. १९५७ मध्येच त्यांचा मृत्यू झाला होता. किडिक्राफ्टच्या या विटांसंबंधी उरलेले हक्क लेगोने १९८१ मध्ये विकत घेतले. आपण वर्गात शोधांचा इतिहास शिकवताना एका शोधाला एक नाव जोडून मोकळे होतो. तशा शिकवण्यात पेज यांच्यासारख्यांना जागा उरत नाही.

पकडीचा प्रश्न

१९४९ च्या विटेत एक मोठा दोष होता आणि तो पेज यांच्या विटेतही होता. वीट आतून पूर्ण पोकळ असल्याने खालच्या विटेच्या खुंट्या वरच्या विटेच्या फक्त बाहेरच्या भिंतींना टेकत. दोन विटा पूर्णपणे एकमेकींवर असतील तर त्या ठीक बसत. पण गवंडी जसा एका थरातील सांधा वरच्या थरातील विटेच्या मध्यावर आणतो, तशी वीट अर्धवट सरकवून बसवली की पकड ढिली पडे. म्हणजे बांधकामाचा जो पहिला नियम, तोच या विटेला पाळता येत नव्हता. त्यात भर म्हणजे तिचे प्लास्टिक. सेल्युलोज अ‍ॅसिटेट हे द्रव्य हवेतील ओलाव्याने आणि काळाच्या ओघात वाकडे होई, त्यामुळे नवी असताना बसणारी वीट पुढे बसेनाशी होई.

दरम्यान ओले किर्क यांचे पुत्र गॉटफ्रेड किर्क क्रिस्तियानसेन यांच्या हाती सूत्रे येत होती. १९५४ मध्ये इंग्लंडच्या प्रवासात कोपनहेगनमधील एका मोठ्या दुकानाच्या खरेदीविभागाचे प्रमुख त्यांना बोटीवर भेटले. खेळण्यांच्या धंद्यात कसलीही व्यवस्था नाही, अशी तक्रार त्या गृहस्थांनी केली. गॉटफ्रेड यांनी ती मनावर घेतली आणि आपल्या साऱ्या खेळण्यांतून एकच वस्तू निवडली. १९५५ मध्ये त्यांनी रस्ते आखलेला पट, विटांचे संच आणि लहान वाहने यांची मिळून ‘खेळातील लेगो पद्धती’ जाहीर केली. न्यूरेंबर्गच्या खेळणी मेळाव्यात व्यापाऱ्यांनी तिचे फार थंडे स्वागत केले. आज विकत घेतलेला संच उद्या घेतलेल्या संचाशी जुळला पाहिजे, हे त्या पद्धतीचे मूळ तत्त्व होते आणि या तत्त्वाने पकडीचा प्रश्न अधिकच तीव्र केला. सारे काही परस्परांशी जुळणार असेल, तर ते कोणत्याही स्थितीत जुळले पाहिजे.

जर्मनीतील विक्रीचे प्रमुख अ‍ॅक्सेल थॉमसेन यांच्याकडून ग्राहकांच्या तक्रारी सतत येत होत्या. त्यातून विचार सुरू झाला. विटेच्या पोकळीत काही आधार असावा, हे उघड होते. तो कोणत्या आकाराचा असावा, हे ठरवायचे होते. अखेर दोन ओळींत चार खुंट्या असलेल्या विटेच्या पोकळीत तीन उभ्या नळ्या घालण्याचे ठरले. २८ जानेवारी १९५८ रोजी दुपारी १ वाजून ५८ मिनिटांनी कोपनहेगनच्या पेटंट कार्यालयात अर्ज दाखल झाला. नळीऐवजी अन्य आकाराचा आधार योजून कोणी पळवाट काढू नये, म्हणून इतर पर्यायांचीही त्यात तरतूद केली होती. त्यानंतर काही आठवड्यांतच, मार्च १९५८ मध्ये, ओले किर्क यांचे निधन झाले. त्या विटेचे अमेरिकन पेटंट १९६१ मध्ये मिळाले.

या नळीमागील भूमिती साधी आहे आणि ती कागदावर मांडून पाहण्याजोगी आहे. दोन शेजारच्या खुंट्यांच्या केंद्रांतील अंतर ८ मि.मी. आणि खुंटीचा व्यास ४.८ मि.मी. चार खुंट्यांच्या केंद्रांनी जो चौरस होतो त्याचा कर्ण सुमारे ११.३१ मि.मी. येतो. त्यातून खुंटीचा एक पूर्ण व्यास वजा केला की समोरासमोरच्या दोन खुंट्यांच्या मधोमध ६.५१ मि.मी. इतकी जागा उरते. नळीचा बाहेरील व्यास नेमका तेवढाच ठेवलेला आहे. परिणामी विटेच्या कोपऱ्यातील खुंटी दोन भिंती आणि एक नळी अशा तीन ठिकाणी धरली जाते. वीट कोणत्याही बाजूला सरकवली, कितीही थोड्या खुंट्यांवर बसवली, तरी पकड मिळते. विटेची लांबी मात्र ३२ मि.मी. न ठेवता ३१.८ मि.मी. ठेवली आहे, म्हणजे शेजारी शेजारी बसणाऱ्या विटांना जागा मिळावी. एका बाजूला घट्टपणा आणि दुसऱ्या बाजूला मोकळीक, अशी दोन्ही गणिते मिलिमीटरच्या अंशांत सांभाळावी लागतात. नळी किंचित जाड झाली तर मुलाला विटा सुटणार नाहीत, किंचित बारीक झाली तर त्या सुटून पडतील. त्यामुळे या उद्योगाचा खरा कस साच्यांच्या अचूकपणात लागतो.

१९६० मध्ये लाकडी खेळण्यांच्या गोदामाला आग लागली आणि गॉटफ्रेड यांनी लाकडी खेळणी कायमची बंद केली. निर्णय कठोर होता. त्यानंतर त्यांचे दोन भाऊ या व्यवसायातून बाहेर पडले. १९६३ मध्ये सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या जागी एबीएस या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे, अधिक टणक व आकार टिकवणारे प्लास्टिक आले. नळीने सांध्याला जे दिले होते, ते या द्रव्याने वर्षानुवर्षे टिकण्याजोगे केले. १९५८ मधील मापांची वीट आजच्या विटेवर बसते, ही गोष्ट आपण सहज बोलून जातो. औद्योगिक उत्पादनात इतकी वर्षे एक माप न बदलणे ही मात्र सहज होणारी गोष्ट नाही.

या शिस्तीचे मोल कंपनीलाही एकदा विसरायला झाले होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून प्रत्येक नव्या संचासाठी नवे खास तुकडे घडवण्याची प्रथा पडली आणि काही वर्षांतच निरनिराळ्या तुकड्यांची संख्या दुपटीच्या आसपास गेली. २००३ आणि २००४ मध्ये कंपनीला प्रचंड तोटा झाला. २००४ मध्ये यॉर्गन विग क्नुडस्टॉर्प यांनी सूत्रे घेतल्यावर जे उपाय योजले, त्यांत तुकड्यांची ही संख्या निम्म्याच्या जवळपास आणणे हा एक प्रमुख उपाय होता.

थोड्याच तुकड्यांतून किती रचना होतात याची कल्पना एका गणिताने येते. दोन ओळींत चार खुंट्या असलेल्या, एकाच रंगाच्या दोन विटा २४ प्रकारे जोडता येतात. अशा सहा विटांच्या रचनांची संख्या १०,२९,८१,५०० असल्याचे कंपनीकडून १९७४ मध्ये सांगितले गेले. पुढे कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी दाखवून दिले की त्या हिशेबात एकावर एक अशा सहा थरांच्या मनोऱ्यांचीच गणना झाली होती. सर्व शक्य रचना संगणकाने मोजल्यावर आकडा आला ९१,५१,०३,७६५. विटांची संख्या वाढली की ही गणना झपाट्याने संगणकाच्याही आवाक्याबाहेर जाते.

वास्तुशिल्पाचे साधन

खेळण्यातील वीट खऱ्या वास्तूच्या आराखड्यासाठी वापरता येईल का, हा प्रश्न पहिल्यांदा गॉटफ्रेड यांनाच पडला आणि तो अगदी घरगुती कारणाने. स्वतःसाठी घर बांधायचे असताना त्यांनी आपल्याच विटांनी त्याची प्रतिकृती करून पाहिली आणि लगेच अडचण आली. विटेची खुंटी वगळून उंची ९.६ मि.मी. आणि खुंट्यांतील अंतर ८ मि.मी., म्हणजे आडव्या व उभ्या मापांचे प्रमाण ५:६. आराखडा काढताना वास्तुशिल्पी लांबी, रुंदी आणि उंची एकाच एककात मोजतो. त्याला ५:६ या प्रमाणाचा उपयोग नाही. उलट प्रत्येक मजल्याला त्याचा हिशेब चुकत जातो.

येथे युरोपातील युद्धोत्तर परिस्थिती लक्षात घ्यावयास हवी. महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या शहरांत घरे लवकर आणि स्वस्तात बांधावयाची होती, त्यासाठी भिंती, दारे, खिडक्या कारखान्यात तयार व्हायला हव्या होत्या आणि त्या परस्परांशी जुळायला हव्या होत्या. अमेरिकेत आल्बर्ट फारवेल बेमिस यांनी १९३० च्या दशकातच चार इंचांच्या घनाला सर्व मापांचे मूळ एकक मानावे असे सुचवले होते. मेट्रिक पद्धतीच्या देशांत त्याची जागा १० सें.मी. या एककाने घेतली आणि डेन्मार्कसारख्या देशात ते बांधकामाच्या व्यवहारात रुजले. बिलुंडमध्ये मुलांच्या विटा परस्परांशी जुळाव्यात म्हणून जी धडपड चालली होती, तीच धडपड त्याच वर्षांत गृहनिर्माण खात्यांत आणि प्रमाणीकरण संस्थांत चालली होती. या दोन्हींचा एकमेकांवर थेट प्रभाव होता असे म्हणण्यास आधार नाही. पण एकाच काळाने दोघांपुढे एकच प्रश्न ठेवला होता, हे नाकारता येत नाही.

या अडचणीतून ‘मॉड्युलेक्स’ ही स्वतंत्र वीट आणि १९६३ मध्ये त्याच नावाची कंपनी जन्मास आली. तिचे मूळ एकक प्रत्येक बाजूस ५ मि.मी. असलेला घन. १:२० या प्रमाणात तो बरोबर १० सें.मी. होतो, म्हणजे बांधकामाच्या मूळ एककाशी तंतोतंत जुळतो. रंगही मुलांच्या विटांसारखे भडक न ठेवता फिक्या छटांचे ठेवले होते. वास्तुशिल्पी आणि अभियंते यांना आराखड्याची प्रतिकृती झटपट करता यावी, बदलता यावी, हा हेतू. मात्र मॉड्युलेक्सची वीट लेगोच्या विटेशी जुळत नाही. प्रमाण सुधारण्याची किंमत म्हणून ती मूळ पद्धतीबाहेर गेली. पुढे वास्तूच्या प्रतिकृतींपेक्षा कारखान्यांतील नियोजनाचे फलक आणि इमारतींतील दिशादर्शक पाट्या यांसाठीच त्या कंपनीचे नाव झाले. प्रौढांसाठी आणलेल्या या विटेचे असे व्हावे आणि ५:६ या गैरसोयीच्या प्रमाणाच्या विटेने जग व्यापावे, हा विरोधाभास लक्षणीय आहे. प्रमाण अचूक असण्यापेक्षा जुन्या विटेशी जुळणे लोकांना अधिक मोलाचे वाटले असावे.

त्यानंतरही वास्तुशिल्पी या गैरसोयीच्या विटेकडे वळत राहिले. अमेरिकन कादंबरीकार नॉर्मन मेलर यांनी १९६५ मध्ये भविष्यकाळातील उंच उभ्या नगराची कल्पना लेगोच्या विटांनी आपल्या घरात उभारली. ७ जून १९६८ रोजी बिलुंडमध्ये खुल्या झालेल्या उद्यानातील नगरांच्या प्रतिकृती दाग्नी होल्म या शिल्पकार स्त्रीच्या देखरेखीखाली तयार झाल्या. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमधील ‘सिटीस्कोप’ या प्रकल्पात विटांनी केलेल्या नगराच्या नकाशावर वाहतुकीची व लोकवस्तीची माहिती प्रकाशाने दाखवून नागरिकांशी नियोजनाची चर्चा केली गेली. यांतील सर्वांत बोलका प्रसंग, प्रस्तुत लेखकास वाटते, अल्बेनियाची राजधानी तिराना येथील आहे. २००५ मध्ये ओलाफुर एलियासन या कलावंताने तेथील चौकात टेबलांवर सुमारे तीन टन पांढऱ्या विटा ठेवल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना आपल्या कल्पनेतील नगर बांधण्यास सांगितले. दीर्घकाळ एकाधिकारशाहीखाली राहिलेल्या त्या शहरातील लोक एकमेकांचे बांधकाम मोडत, त्यावर नवे चढवत राहिले. गोंद किंवा चुना नसल्यामुळेच ते शक्य झाले.

खेळण्यातील वीट आणि खरी भिंत

मग याच विटेने खरे घर का बांधू नये? भार सोसण्याच्या दृष्टीने वीट दुबळी नाही. ब्रिटनमधील ओपन युनिव्हर्सिटीच्या अभियंत्यांनी २०१२ मध्ये दोन ओळींत दोन खुंट्यांच्या विटांवर दाब देऊन पाहिले. ती सुमारे ४,२४० न्यूटन, म्हणजे ४३० किलोग्रॅमहून अधिक भार सोसते असे आढळले. या हिशेबाने सर्वांत खालची वीट चिरडली जाण्यापूर्वी तिच्यावर सुमारे ३,७५,००० विटांचा, साडेतीन किलोमीटर उंचीचा मनोरा उभा राहू शकेल. अर्थात हे कागदावरचे उत्तर. इतका सडपातळ मनोरा चिरडण्याच्या कितीतरी आधी वाकून कोसळेल, हे स्थापत्यशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

२००९ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणी निवेदक जेम्स मे यांनी सरे परगण्यातील डॉर्किंगजवळ एका द्राक्षमळ्याच्या आवारात सुमारे ३३ लाख विटांचे दुमजली घर बांधवून घेतले. आधारासाठी आत लाकडी सांगाडा घालावा लागला. घराला कोणी घेणारा मिळाला नाही, तेव्हा त्याच वर्षी ते उतरवले गेले. जी पकड मुलाच्या हाताला सोडता यावी इतकीच ठेवलेली आहे, ती वारा, उष्णतेचे आकुंचन-प्रसरण आणि मजल्याचा ताण यांना पुरी पडणार नाही. शिवाय एबीएस पेट घेते. खऱ्या बांधकामात गुंतणाऱ्या विटा आहेत, पण त्यांचे कुळ निराळे. ऑरोव्हिल येथील अर्थ इन्स्टिट्यूटने भूकंपप्रवण प्रदेशासाठी दाबलेल्या मातीचे पोकळ, परस्परांत गुंतणारे ठोकळे विकसित केले. त्यांतील खाचखुंटी ठोकळ्याला जागच्या जागी बसवते. ताण सोसण्याचे काम मात्र पोकळीत ओतलेले काँक्रीट आणि सळई करतात. तेथे सांधा हा मार्गदर्शक आहे, पकड नव्हे.

न्यायालयातील वीट

पेटंटची मुदत संपली की शोध सर्वांचा होतो. लेगोचे पेटंट संपल्यावर तंतोतंत जुळणाऱ्या विटा इतरांनी करणे अपरिहार्य होते. त्यानंतरचा इतिहास न्यायालयांत घडला आणि तो विटेच्या स्वरूपावरील भाष्य म्हणूनच वाचला पाहिजे.

हाँगकाँगमधील वादावर १९८८ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला. टायको या अमेरिकन कंपनीविरुद्ध लेगोने विटांच्या अभियांत्रिकी आरेखनांवर स्वामित्वहक्क सांगितला होता. कायद्यातील एका बारकाव्यामुळे या दाव्यासाठी लेगोला असे म्हणावे लागले की विटेचा आकार केवळ तिच्या कार्याने ठरलेला आहे, त्यात दृश्य आकृतिबंध म्हणून नोंदवण्याजोगे काही नाही. प्रिव्ही कौन्सिलने हे मानले नाही. जुन्या आरेखनांत नंतर केलेले बदल स्वतंत्र कृती ठरतात का, हाही प्रश्न होता. ते बदल मापांचे व कडांच्या गोलाईचे होते. तांत्रिकदृष्ट्या ते महत्त्वाचे असले तरी दृश्यदृष्ट्या नगण्य आहेत, असे लॉर्ड ऑलिव्हर यांनी ठरवले आणि दावा फेटाळला गेला. पकडीचे सारे रहस्य ज्या सूक्ष्म फरकांत आहे, ते फरक कलाकृतीच्या कायद्याला दिसूच शकत नव्हते. १९४९ मध्ये पेज यांच्या विटेतून बिलुंडची वीट घडली तीही अशाच सूक्ष्म फरकांनी, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

पुढे बाजू उलटली. कॅनडातील रिट्‌विक या कंपनीच्या ‘मेगा ब्लॉक्स’विरुद्ध लेगोने खुंट्यांची मांडणी हीच आपली व्यापारचिन्हासारखी ओळख आहे असा दावा केला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो फेटाळला. जे केवळ कार्यासाठी आहे त्यावर व्यापारचिन्हाच्या मार्गाने कायमची मक्तेदारी मिळू शकत नाही, असे त्या न्यायालयाने म्हटले. युरोपात लाल विटेचा आकार १९९९ मध्ये व्यापारचिन्ह म्हणून नोंदवला गेला होता. तेथे लेगोला १९८८ च्या नेमके विरुद्ध म्हणावे लागले, की आकार केवळ तांत्रिक परिणामासाठी नाही. १४ सप्टेंबर २०१० रोजी युरोपीय न्यायालयाने ती नोंदणी रद्द ठरवणारा निर्णय कायम केला. एकाच विटेबद्दल एकाच धन्याने दोन दशकांत दोन परस्परविरोधी विधाने करावीत, यात वकिली चातुर्य आहे, हे खरे. पण त्या विटेत रूप आणि कार्य इतके एकजीव झाले आहेत की दोन्ही विधानांत काही तथ्य सापडते.

युरोपीय संघाच्या २००२ च्या आकृतिबंधविषयक नियमात एक अपवाद आहे. कार्याने ठरलेले आणि दुसऱ्या वस्तूला जोडण्यासाठी असलेले भाग संरक्षणाबाहेर ठेवताना, परस्परांना अनेक प्रकारे जोडता येणाऱ्या सुट्या घटकांच्या पद्धतीला मात्र संरक्षण मिळू शकते, असे तो सांगतो. या अपवादाला कायद्याच्या चर्चेत ‘लेगो कलम’ असेच म्हटले जाते. त्याच्या आधारे २०१० मध्ये नोंदवलेल्या एका विटेच्या आकृतिबंधावर वाद झाला. नोंदणी रद्द करण्याचा आधीचा निर्णय युरोपीय संघाच्या सर्वसाधारण न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये बाजूला सारला, कारण या अपवादाचा विचारच झालेला नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने नोंदणी वैध असल्याचा निर्णय उचलून धरला. दाखल झाल्यापासून जास्तीत जास्त २५ वर्षे, अशी या संरक्षणाची मुदत आहे. ती २०३५ मध्ये संपेल.